रिसाइझ केलेल्या पुंगळ्यांवरचं वंगण उतरवायची तयारी

समोर .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या शंभर पुंगळ्या, म्हणजे उडवून झालेली रिकामी पितळी कवचं आहेत, नुकत्याच फुल-लेंग्थ डायमधून (पुंगळी दाबून मूळ मापावर आणणाऱ्या साच्यातून) निघालेल्या, साच्यात अडकू नयेत म्हणून लावलेल्या वंगणाने हाताला बुळबुळीत लागणाऱ्या. इथून नवा प्रायमर, म्हणजे बुडातली पावडर पेटवणारी छोटी टोपी, बसवेपर्यंतची ही तयारी. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं पुन्हा भरणाऱ्या मराठी नेमबाजांना समोर ठेवून ती लिहिली आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तेव्हा तिकडे हा उद्योग करू नये. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या कार्बाइड डायमधून बिनवंगणाच्या निघतात, त्यांना यातलं बरंचसं लागू नाही.

सगळ्यात आधी वंगण कोणतं लावलं होतं ते आठवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पाण्यात विरघळणारं असेल तर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. डबीतलं मेणासारखं वॅक्स बोटाने जेमतेम लावलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात पुंगळी धरून दोन-तीन वेळा पिळा दिला की ते निघतं, आणि शंभर नगांना अर्धा-पाऊण तास लागतो. खरी डोकेदुखी लॅनोलिनच्या स्प्रेची. तो पुंगळीच्या मानेत, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडात, आतूनही बसतो, आणि बाहेरून पुसून आतलं हलत नाही.

आतलं वंगण राहिलं तर पावडरचे दाणे मानेला चिकटतात, तेल प्रायमरपर्यंत पोचलं तर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. बाहेरचं राहिलं तर धोका वेगळा. बार उडताना पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणारा बराचसा जोर त्या घर्षणात अडतो. भिंत आणि पितळ यांच्यामध्ये तेल असलं की ती पकड सुटते आणि तेवढा जास्त जोर चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टवर येतो. शिवाय चिकट पुंगळीवर धूळ-कचरा बसून चेंबरमध्ये ओरखडे पडतात ते वेगळंच.

लॅनोलिनसाठी दोन वाटा आहेत. पहिली कोरडी: व्हायब्रेटरी टम्बलरमध्ये, म्हणजे थरथरून साफ करणाऱ्या भांड्यात, मक्याच्या बुरकुंड्यांचा भरडा, म्हणजे कॉर्न कॉब, २०/४० नंबरचा. भांडं दोन-तृतीयांश भरेल एवढा घ्या आणि वीस-तीस मिनिटं फिरवा. १४/२० नंबरचा जाड भरडा आणू नका. रिसाइझ करताना जुना प्रायमर निघालेला असतो, आणि जाड दाणे उघड्या फ्लॅश होलमध्ये, म्हणजे प्रायमरची ठिणगी आत जाण्याच्या बुडातल्या भोकात, गच्च बसतात. भरडा नवा असेल तेव्हा वंगण झटकन शोषतो. काळपट, तेलकट झाला की तेच तेल दुसऱ्या पुंगळीला चोपडतो, तेव्हा तो टाकून द्या, पॉलिश घालून त्याचं आयुष्य वाढवत बसू नका.

दुसरी वाट ओली, आणि मानेच्या आतल्या वंगणासाठी हीच चांगली. पाणी भरून फिरवायच्या टम्बलरमध्ये पुंगळ्यांसोबत चार लिटर पाणी, एक मोठा चमचा भांड्यांचा साबण, पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड. पाणी पन्नास-साठ अंश सेल्सियस हवं, कारण लॅनोलिन चाळिसाच्या आसपास वितळतं. कोमट पाण्यात ते नुसतं जागा बदलतं. वंगण काढण्यापुरतं काम असेल तर स्टीलच्या पिना घालायची गरज नाही, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. जास्त वेळ फिरवलं की पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाच्या कडा ठेचल्या जातात. मग साध्या पाण्यात दोनदा खळबळा.

ॲसिडच्या बाबतीत हात आखडताच ठेवा. चिंचेने घासलेल्या देवाच्या पितळेला जास्त घासल्यावर गुलाबीसर रंग येतो ना, तेच इथे होतं: वरच्या थरातलं जस्त निघून तांबं उरतं. काडतुसाच्या पितळेत साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असतं. अमोनिया असलेलं पॉलिश तर अजिबात नको. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची आणि पुंगळ्यांना भेगा जायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण, दोन्ही मिळून ते होत होतं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. रिसाइझ केलेल्या पितळेतही ताण असतोच.

हे सगळं स्वयंपाकघरात करू नका. वापरलेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं, ते धुणाच्या पाण्यात आणि भरड्याच्या धुळीत उतरतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, टम्बलरचं झाकण बाहेर मोकळ्यावर उघडा, भांडी आणि चाळणी याच कामाला ठेवा. अल्कोहोल चटकन पेट घेतं, तेव्हा आसपास ज्योत, हीटर, पावडर आणि प्रायमर काहीही नको.

वाळवणं उरकून टाकायचं काम नाही. पाण्याचा शेवटचा थेंब प्रायमर पॉकेटच्या, म्हणजे बुडातल्या प्रायमरच्या खाचेच्या, कोपऱ्यात दडून बसतो. पुंगळ्या टॉवेलमध्ये हलवून पाणी निथळवा, मग फक्त याच कामाला ठेवलेल्या फूड डीहायड्रेटरमध्ये पासष्ट अंशांवर तासभर, नाहीतर उन्हात जाळीवर दिवसभर. ओव्हन टाळाच: त्याचं तापमान वरखाली होतं, आणि जास्त तापून बूड मऊ पडलं तर ती पुंगळी टाकायचीच.

साफ झालं की नाही ते पाण्याचा एक थेंब सांगतो. अंगावर सोडला आणि पाणी सपाट पसरलं तर पितळ स्वच्छ आहे, मोत्यासारखं गोल उभं राहिलं तर तेल बाकी आहे. मानेच्या आत पांढऱ्या टिश्यूची सुरळी फिरवून बघा. पिवळट डाग आला तर पुन्हा धुवा, काळा आला तर ते काजळी, वंगण नव्हे. मग प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून फ्लॅश होलमधून आरपार उजेड दिसतो का ते पाहा, अडकलेला दाणा बारीक तारेने ढकला. खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, खळगा दिसला तर वंगण जास्त झालं होतं, पुढच्या वेळी कमी लावा.

लांबी यानंतरच मोजा, कॅलिपरच्या जबड्यात वंगण नको. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे, त्याहून वाढलेली पुंगळी २.००५ पर्यंत कापून तोंडाच्या धारदार कडा आतून-बाहेरून घासून काढा. ओल्या धुण्यात मानेतली काजळीही निघून जाते आणि गोळी कोरड्या पितळेवर करकरत बसते, तेव्हा प्रत्येक मानेला कोरड्या ग्रॅफाइटचा पुसटसा हात द्या.