ओळखीच्या माणसाला येशूबद्दल कसं सांगावं

साक्ष देण्याच्या, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगण्याच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात, एक तर वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्याला पत्ताच नसतो की हा रविवारी चर्चला जातो, नाहीतर रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलमधलं वचन पाठवून त्याचं डोकं उठवतात. ते फॉरवर्ड करणं आधी बंद करा.

ज्याच्याशी आधीच मोकळं बोलणं आहे असा माणूस निवडा आणि त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा. हाताखाली काम करणाऱ्याला किंवा तुमचे पैसे देणं लागणाऱ्याला धरू नका, त्याला नाही म्हणता येत नाही.

स्वतःची साक्ष तयार ठेवा. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये पौल, जो आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, अग्रिप्पा राजापुढे बोलतो ते बघा: आधी मी कसा होतो, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूचं दर्शन कसं झालं, नंतर काय बदललं. तुमची तीन मिनिटांत संपली पाहिजे.

विषय ओढूनताणून काढू नका. रविवारी काय केलंस असं कुणी विचारलं तर "काही नाही" म्हणायच्या ऐवजी "चर्चला गेलेलो, तिथलं एक वाक्य अजून डोक्यात घोळतंय" एवढं म्हणा. पुढचं त्याला वाटलं तर तो विचारेल.

आता खरी अवघड जागा, मलाही सगळ्यात जड गेली ती हीच. तुम्ही बोलता, तो ऐकून घेतो आणि मग म्हणतो, "तुझा देव एवढा प्रेमळ आहे ना, मग माझ्या आईला कॅन्सर का?" इथे बहुतेक जण घाबरून बोलत सुटतात, देवाची काहीतरी योजना असेल, रोमकरांस ८:२८ वाच (देव सगळ्यातून भलंच घडवतो असं सांगणारं वचन), विश्वास वाढव वगैरे, आणि समोरचा माणूस तिथेच मिटतो. जणू देवाचं वकीलपत्र आपल्याकडेच आलंय आणि आत्ता उत्तर दिलं नाही तर केस हरणार!

"मला माहीत नाही" असं सरळ म्हणा. मग विचारा, आई आता कशी आहे, रात्री झोप लागते का, तिच्याजवळ कोण असतं. आणि ऐका. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले तोवर सगळं ठीक होतं, तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाचाच राग ओढवून घेतला. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, उठवणार हे माहीत असूनही येशू आधी रडला, हे योहान ११ मध्ये आहे.

त्याचं बोलून झालं की एकच विचारा, "आत्ता आईसाठी प्रार्थना केली तर चालेल?" नको म्हणाला तर नको, तोंड पाडू नका. हो म्हणाला तर चार वाक्यं, आईचं नाव घेऊन, नेहमीच्या आवाजात, आणि प्रार्थनेच्या आडून त्याला उपदेश तर अजिबात नको. येशूकडे आलास की आजार जाईल, नोकरी लागेल, असली वचनं देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ती तुमच्या हातातली गोष्टच नाही.

प्रश्न वादाचा असला तर योहान ९ मधला, येशूने दृष्टी दिलेला आंधळा आठवा. बाकीचं मला माहीत नाही, पण आधी दिसत नव्हतं, आता दिसतं, एवढ्यावर तो ठाम राहिला. समोरच्याच्या घरातल्या देवांना नावं ठेवायची नाहीत, कधीच.

वाचायला मागितलं तर ६६ पुस्तकांचं अख्खं बायबल हातात कोंबू नका, मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा सांगणारं पुस्तक द्या, १६ अध्याय आहेत, जमलं तर सोबत वाचा आणि त्याला काय वाटलं ते आधी विचारा. चर्चला यायचं म्हणाला तर तिथे काय काय होतं ते आधीच सांगा, दानाची पिशवी फिरेल तेव्हा काही टाकायची गरज नाही हेसुद्धा, आणि पास्टरना बजावून ठेवा की याला पुढे बोलावून सगळ्यांशी ओळख करून द्यायची नाही.