ओढ्यात उतरायच्या आधी एवढं बघाच

पाणी काचेसारखं दिसतंय म्हणजे चांगलं असेलच असं नाही, जंतू काय डोळ्यांना दिसत नाहीत. सगळ्यात पहिली गोष्ट, जोराचा पाऊस पडून गेला असेल तर निदान दोन-तीन दिवस उतरूच नका, कारण आजूबाजूचं शेण, गटार, रानातली खतं सगळं वाहून त्यातच येतं. मग थोडं वरच्या अंगाला चालत जाऊन बघा, गोठा, नाल्याचं तोंड, मेलेलं जनावर असं काही आहे का (हे कोणी करत नाही, पण खरा पत्ता तिथेच लागतो).

पाण्यातला एखादा दगड उलटा करा. शेपटीला दोन-तीन केसांसारखे तंतू असलेल्या चपट्या अळ्या दिसल्या तर ऑक्सिजन चांगला आहे, नुसते लाल किडेच असले तर गडबड. हिरवा थर असेल तर काठी घालून उचला, दोऱ्यासारखं लोंबलं तर बहुतेक साधं शेवाळ, पण रंगासारखं पातळ चिकटलं तर विषारी असू शकतं, कुत्र्यालाही पिऊ देऊ नका.

खात्री हवी असेल तर लॅबमधून ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) टेस्ट करून घ्या, अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या 2012 च्या निकषात 100 मिलीला सरासरी 126 जंतू ही मर्यादा आहे. आणि पायाला जखम असेल तर काठावरच बसा, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू जखमेतून सहज शिरतात.