कोकणात घर घ्यायचंय? आधी मे महिन्यात येऊन बघा

डोंबिवलीत ३१ वर्षं काढल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, आता कोकणात जाऊन राहायचं. सोबत ८२ वर्षांच्या सासूबाई. गावचं घर भावकीत वाटलं गेलेलं, त्यामुळे नवीन घर घेणं आलंच. दोन वर्षं दापोली, चिपळूण, रत्नागिरी पालथं घातलं आणि शेवटी रत्नागिरीला लागून असलेल्या कुवारबावात फ्लॅट घेतला. आता ओळखीचे लोक फोन करून विचारतात, "वहिनी, कुठे बघू?" त्यांना सांगते तेच इथे सांगते.

डिसेंबरात घर बघून विसार देऊ नका. तेव्हा कोकण कुणालाही आवडतं. दापोलीजवळ आम्हाला असंच एक घर फार आवडलं होतं. चिऱ्याचं बांधकाम, पुढे अंगण, परसात विहीर. एजंट म्हणाला, "बारमाही पाणी आहे." वाकून पाहिलं तर पाणी खरोखरच वर होतं. ह्यांनी मात्र हट्ट धरला की मे महिन्यात परत यायचं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. घर बंद होतं, पण शेजारच्या काकी त्याच विहिरीवर आल्या होत्या. त्यांच्या दोराला मध्येच दुसरा दोर जोडलेला होता. गाठ रहाटावरून खडखडत गेली, तरी कळशी खालीच चाललेली. मग दगडावर आपटल्याचा आवाज आला. त्यांनी दोर दोनतीनदा हिसकला, कळशी आडवी केली आणि वर ओढली, तेव्हा ती अर्धीच भरलेली होती, पाणी तांबूस. काकींनी पदर दुहेरी करून ते हंड्यात गाळलं. म्हणाल्या, "पाऊस लागेपर्यंत दिवसाला चार कळश्या. त्यातच जेवणखाण, त्यातच भांडी." सासूबाईंचं अंथरूण-पांघरूण धुवायचं तर चार कळश्यांत कसं भागणार? तिथूनच परत फिरलो.

इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे, असं मलाही वाटायचं. जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची. पाणी झिरपतं आणि ओढ्यावहाळांतून खाडीला मिळतं. समुद्राजवळ बोअर मारली तर पाणी मचूळ लागण्याची भीती. म्हणून "पाणी आहे का" असं विचारू नका. ते कुठून येतं, मे महिन्यात किती वेळ येतं आणि टँकर मागवावा लागतो का, हे विचारा. तेही मालकाला नाही, तर शेजारच्या बाईला.

जाहिरातीतल्या गावाच्या नावावरही जाऊ नका. जाहिरातीत 'रत्नागिरी' असतं, पण कुवारबाव, नाचणे ही गावं ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतात. शहराला शीळ धरणाचं पाणी आहे म्हणून तेच आपल्या नळाला येईल असं धरून चालू नका. इमारत कोणत्या हद्दीत आहे आणि तिला कोणत्या योजनेचं पाणी येतं, हे सोसायटीतल्या लोकांकडून पक्कं करून घ्या.

दुसरी खेप आषाढात करा. चिपळूण आमच्या मनात पक्कं होत आलं होतं. रेल्वे आहे, बाजारपेठ मोठी, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय, कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला जाता येतं. बाजाराजवळचा एक फ्लॅट बघायला गेलो. तळमजल्यावर राहणाऱ्या ताईंनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी इथवर आलं होतं. विजेच्या बोर्डाच्याही वर. त्याआधी २००५ सालीही शहर बुडालं होतं. चिपळूण सोडूनच द्या असं मी म्हणणार नाही, उंचावर जागा मिळाली तर अजूनही तेच घ्यावंसं वाटतं. पण नदीकाठच्या कुठल्याही गावात पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा (नेहमीच्या मोठ्या पुराची) आणि लाल रेषा (क्वचित येणाऱ्या महापुराची) यांत आपली इमारत कुठे बसते, ते नगरपरिषदेत विचारा. डोंगर कापून केलेल्या जागेत घर असेल तर मागची दरड भर पावसात जाऊन बघा. महाडजवळचं तळिये त्याच जुलैत दरडीखाली गेलं, हे विसरता येत नाही.

समुद्र दिसणाऱ्या घराचा मोह मलाही होता. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धनकडे पत्रे उडाले आणि कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. शिवाय खारा वारा ग्रिल, बिजागऱ्या खातो. समुद्रावर फिरायला जायला रिक्षा आहे, हे मी मनाशी पक्कं केलं.

म्हातारं माणूस घरात असेल तर रात्री दोन वाजता दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल, ते धरा. दापोलीला रेल्वे नाही, खेडला उतरून सुमारे ३० किलोमीटर रस्ता. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर आहे. शहरातल्यांना ते लांब पडतं, आम्हाला कुवारबावातून मात्र जवळ. लेक सणाला दिव्याहून गाडी पकडून येते आणि स्टेशनवर उतरल्यापासून तासाभरात जेवायला बसते.

कागदपत्रांत इथे हमखास अडकायला होतं ते सामायिक जमिनीत. सातबारावर पणजोबांच्या वारसांची नावं असतात. एक मुंबईत, एक सुरतेला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव किंवा कर्जाचा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, फेरफार म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी जुळतात का, हे बघा. घरपट्टीचा असेसमेंट उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. आपण शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा जमीन बिनशेती असल्याचा कागद हातात घ्या. फ्लॅट नवा असेल तर महारेराकडची (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा) नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) बघा. मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडूनच करून घ्या, बिल्डरच्या नको.

आणि जमलं तर आधी भाड्याने राहा. भाडेकरार ११ महिन्यांचा असतो. जूनमध्ये केलात तर एप्रिलअखेर संपतो आणि नेमका मे राहून जातो. सप्टेंबरमध्ये करा, म्हणजे मे आणि जुलै दोन्ही त्यात येतात. आम्ही तसंच केलं. त्या मे महिन्यात आमच्या इमारतीच्या नळाला एक दिवसाआड पाऊण तास पाणी आलं. छतावरची टाकी पुरली, आणि ऑगस्टात त्याच इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही घेतला.