जाणाऱ्या नेत्याचे भाषण कसे ऐकावे

सत्ता सोडताना केलेले चांगले भाषण ऐकले की गळा दाटून येतो. माझाही येतो. पण ते कसे बांधले आहे हे कळले की गोडी वाढते आणि फसगत टळते. सरावाला अटलबिहारी वाजपेयींचे मे 1996 मधले, लोकसभेतले विश्वासदर्शक ठरावावरचे भाषण घ्या.

ऐकण्याआधी त्या दिवसाची परिस्थिती कागदावर मांडा. 16 मेला पंतप्रधानपदाचा शपथविधी झालेला, भाजपकडे 161 जागा, बहुमत फार लांब. सभागृहातली मते वळणार नव्हतीच. मग हे बोलणे कुणासाठी? चर्चा दूरदर्शनवर थेट दिसत होती. ‘अध्यक्ष महोदय’ असे कानावर आले की घरात टीव्हीसमोर बसलेला मतदार डोळ्यांपुढे आणा.

आता सगळ्यांच्या लक्षात राहिलेले वाक्य शोधा. सत्तेचा लोभ असल्याचा आरोप झाला होता. त्यावर ते म्हणाले, पक्ष फोडून, नवी युती करून सत्ता हाती येत असेल तर अशा सत्तेला मी चिमट्यानेही शिवणार नाही. इथे जरा थांबा. चिमटा आपण निखाऱ्यासाठी वापरतो. तोही नको म्हटल्यावर पुढचे सांगावे लागत नाही, किळस आपोआप येते. पण वाक्याच्या मधल्या ‘तर’खाली पेन्सिलने रेघ ओढा. नकार सत्तेला नाही, एका विशिष्ट वाटेने येणाऱ्या सत्तेला आहे. कानात मात्र चिमटाच उरतो.

पुढचा भाग मोठ्याने म्हणा, मनात वाचून कळायचा नाही: ‘सरकारें आएंगी, जाएंगी, पार्टियां बनेंगी, बिगड़ेंगी, मगर ये देश रहना चाहिए.’ जोड्यांनी झोका मिळतो आणि ‘मगर’पाशी तो थांबतो. मधल्या ‘जाएंगी’मध्ये स्वतःचे तेरा दिवसांचे सरकारही अलगद मिसळून गेले आहे. आपली हार जगरहाटीचा भाग करून टाकायची, ही मला या भाषणातली सर्वांत देखणी कारागिरी वाटते.

शेवट कुठे केला तेही पाहा. राजीनामा द्यायला राष्ट्रपतींकडे निघालो आहे, हे त्यांनी अगदी अखेरीला सांगितले. मतदान झालेच नाही. त्यामुळे विरोधात किती मते पडली असा आकडाच इतिहासात नाही. उरले ते भाषण.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. भाषणाशेजारी त्या सरकारचे कामकाज ठेवा. महाराष्ट्रात भाजपने 1995ची निवडणूक एन्रॉन या अमेरिकी ऊर्जाकंपनीविरुद्ध रान उठवून लढवली होती. या तेरा दिवसांच्या मंत्रिमंडळाने त्याच एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल या हमीला, मंजुरी दिली. भाषणाचा मजकूर पुन्हा काढा, समासात ‘दाभोळ’ लिहा आणि त्याबद्दल किती ओळी सापडतात ते मोजा.