पिकअपचं दार उतरलंय? स्ट्रायकर सगळ्यात शेवटी जुळवा

लासलगावला कांदा नेणाऱ्या आमच्या जुन्या पिकअपचं ड्रायव्हरकडचं दार दोन वर्षं उचलून लावावं लागत होतं. नुसतं आपटून लागायचं नाही. हँडलखाली हात घालून जरा वर घेतलं की मग बसायचं. एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर तिथे मागच्या खांबावरचा लॉकचा खुंटा, म्हणजे स्ट्रायकर, ढिला करून खाली सरकवून दिला. पाच मिनिटांचं काम, आणि दार लागायला लागलं. चार महिन्यांत पुन्हा तेच दुखणं. या वेळी तर दाराच्या मागच्या कोपऱ्याने पायरीवरच्या पत्र्याचा रंग खरवडून काढला होता.

जुन्या पिकअपच्या दाराबाबत सर्वांत जास्त होणारी चूक हीच. स्ट्रायकरचं काम बंद दार धरून ठेवण्याचं, दाराचं वजन पेलायचं नाही. ते बिजागऱ्यांनी पेलायचं असतं. उतरलेल्या दारासाठी स्ट्रायकर खाली घेतला की दार लागतं खरं, पण बिजागरीची झीज आत चालूच राहते. म्हणून उलट करा: स्ट्रायकर काढूनच ठेवा, दार मोकळं लटकू द्या आणि ते स्वतःहून कुठे येऊन थांबतं ते बघा.

मग दार अर्धं उघडा, मागच्या कडेला खालून दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला बिजागऱ्यांकडे बघायला सांगा. एकट्याने ही तपासणी नीट होत नाही. बिजागरीचे दोन भाग एकमेकांत हलत असतील तर पिन किंवा तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजलाय. अख्खी बिजागरी पत्र्यावर सरकत असेल तर बोल्ट ढिले आहेत. आणि बिजागरीबरोबर खांबाचा पत्राच आत-बाहेर होत असेल, तर तिथे तडा गेलाय किंवा गंज धरलाय. तो डेंटरचाच विषय, पान्याने सुटणारा नाही. पिन झिजलेली असताना बोल्ट ढिले करून दार जुळवत बसण्यात अर्धा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. पिन-बुश बदलायचे तर वरचे-खालचे दोन्ही एकदमच बदला, नाहीतर नव्या बिजागरीला जुनीचा भार ओढावा लागतो.

काहीच हलत नाही, तरी दाराभोवतीच्या फटी वाकड्या? मग दार सोडा आणि केबिन बघा. टाटा 207 असो की जुनी बोलेरो पिकअप, केबिन वेगळी, हौदा (मागचा माल भरायचा भाग) वेगळा, आणि दोन्ही चॅसीवर बसवलेले. केबिनखालचे रबर एका बाजूला बसले की केबिन कलते. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते गाडीच्या बाजूला उभं राहून पाहिलं की लगेच कळतं. ही तपासणी गाडी रिकामी करून, सपाट जागेवरच करा. भरलेल्या गाडीचं एक चाक खड्ड्यात असेल तर चॅसी पिळते, आणि तिथे जुळवलेलं दार सपाट रस्त्यावर आलं की पुन्हा बिघडतं.

बोल्ट ढिले करण्याआधी बिजागरीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून घ्या, म्हणजे पहिली जागा हरवत नाही. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर गोणपाट. दोन्ही बिजागऱ्या एकदम ढिल्या करायच्या नाहीत. एक घट्ट, एक सरकेल इतपतच सैल. कुठला बोल्ट दाराला कुठल्या दिशेने नेतो हे भोकाच्या लांबट आकारावरून समजतं. मागचा कोपरा उतरला असेल तर बहुतेक वेळा वरची बिजागरी पुढच्या बाजूला घ्यावी लागते, आणि ती अगदी थोडीच. दार 1 मीटर लांब आणि बिजागऱ्यांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर धरलं, तर वर 2 मिलिमीटर सरकवल्यावर मागची कड 5 मिलिमीटर उचलली जाते. हा हिशेब डोक्यात नसला की माणूस गरजेपेक्षा जास्त सरकवतो आणि मग वरची फट बिघडते.

दार मडगार्डशी जुळवायला जाऊ नका. मडगार्ड बोल्टवर बसलेलं असतं, ते नंतर सरकवता येतं. आधी छत आणि केबिनचा मागचा खांब यांच्याशी फट जुळवा, कारण ते जागचे हलणार नाहीत. बिजागऱ्या घट्ट केल्यावर शेवटी स्ट्रायकर बसवा. दार लागताना वर-खाली न होता सरळ आत गेलं पाहिजे.

बिजागरीत टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून दार वर वाकवण्याची पद्धत सर्रास चालते. जुन्या, गंजलेल्या पत्र्यावर तो जोर मला भीतीदायक वाटतो. त्याने खांबाला तडा जातो, आणि मग शेकड्यातलं काम हजारांत जातं. खांबाला वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीचं टर्मिनल काढा, आतलं अस्तर आणि वायरी बाजूला करा.

एक फसवं लक्षण सांगतो. दाराच्या कडेचं नवीन बीडिंग रबर बसवल्यावर दार जड लागतं आणि सगळे बिजागरीला दोष देतात. रबर दबायला काही दिवस द्या. तरीही शंका असली तर कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढून बघा: एका जागी अडकते, दुसरीकडे सहज निघते, म्हणजे दार तिथे आत-बाहेर वाकडं आहे.

आठ-दहा दिवस गाडी चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. ती तुंबली की पावसाळ्यात पाणी आत साठतं आणि पत्रा आतूनच सडतो. आणि केबिनमध्ये चढताना उघड्या दाराला लोंबकळू नका. आमचं दार मुळात त्यानेच उतरलं होतं. आता आम्ही पुढच्या खांबाला धरायला एक हँडल बसवून घेतलंय, आणि नवीन हमाल आला की त्याला पहिल्यांदा तेच दाखवतो.