गाणं शिकणाऱ्याचा आवाज कसा घडवावा आणि कसा तपासावा

पहिल्याच दिवशी गाणं शिकवायला घेऊ नका. चाल आणि शब्द सांभाळण्याच्या नादात आवाज कसा लागतोय हे विद्यार्थ्याला कळत नाही आणि तुम्हालाही नीट ऐकू येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे एक स्वर आणि साधा आकार, म्हणजे शब्दांशिवाय नुसता ‘आ’ लावणं, पुरे.

१. पट्टी, म्हणजे ज्या स्वराला ‘सा’ धरून गायचं तो स्वर, ठरवा. विद्यार्थ्याशी गप्पा मारा. बोलता बोलता तो सहज ‘हं’ म्हणतो, त्या स्वराच्या आसपास सुरुवात करा. बोलताना प्रौढ पुरुषाचा स्वर साधारण १०० ते १३० हर्ट्झ असतो, स्त्रीचा १८० ते २२०. त्यामुळे शिक्षकाची पट्टी विद्यार्थ्यावर लादली की गळा ताणला जातो. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांची पट्टी पुन्हा पुन्हा तपासा, वरच्या स्वरांचा आग्रह धरू नका.

२. श्वास पाहा. श्वास घेताना खांदे वर जातात का? जात असतील तर तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवायला सांगा. श्वासाबरोबर हात बाजूंना सरकायला हवेत. मग एका श्वासात लांब ‘स्स्’ सोडायला लावा आणि सेकंद मोजा. थोड्या विश्रांतीनंतर तसाच गुणगुणता ‘झ्झ्’. दोन्हींची लांबी जवळपास सारखी यावी. ‘स्स्’ दर वेळी ‘झ्झ्’च्या दीडपट भरत असेल, तर स्वरतंतू नीट मिटत नसण्याची शक्यता असते. त्यातच आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर रियाज थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा.

३. स्वर कसा सुरू होतो ते ऐका. ‘आ’च्या आधी घशात खटका वाजला तर जोर जास्त आहे, आधी नुसती हवा आली तर स्वरतंतू उशिरा जुळताहेत. खटक्यासाठी हलक्या ‘हा’ने सुरुवात करून घ्या, हवेसाठी ‘म’ने.

४. सूर मिळवा. इथे घाई अजिबात नको. मूल बेसूर गातं म्हणजे त्याला कान नाही, हा निकाल फार लवकर दिला जातो आणि तो बहुधा चुकीचा असतो. आधी तुम्ही त्याच्या सुरात या. त्याला हवा तो स्वर लावू द्या, तुम्ही नेमका तोच गा आणि दोघांनी तो धरून ठेवा. दोन आवाज एकमेकांत मिसळले की काय होतं, हे त्याला बहुतेकदा इथेच पहिल्यांदा जाणवतं. मग तुमचा स्वर हलकेच थोडा वर न्या आणि त्याला मागोमाग येऊ द्या. तो अडला तर परत त्याच्या स्वरावर या. ‘वर घे’, ‘खाली आण’ असं ओरडून काही साधत नाही, उलट मूल आवाज चोरायला लागतं. शिक्षक पुरुष आणि विद्यार्थी लहान असेल तर सप्तकाचा (‘सा’ ते ‘नी’ या सात स्वरांच्या पट्ट्याचा) घोळ होऊ शकतो, कारण पुरुषाचा तोच स्वर खालच्या सप्तकात लागतो. अशा वेळी स्वर वाद्यावर, मुलाच्याच सप्तकात द्या.

५. मोजमाप ठेवा. पाच स्वरांची एक सोपी सरगम ठरवा आणि दर महिन्याला त्याच पट्टीत, त्याच लयीत मोबाइलवर रेकॉर्ड करा. प्रत्येक वेळी श्वास, स्वराची सुरुवात, सुरेलपणा आणि जबडा-मानेतला ताण यांची वेगवेगळी नोंद करा. एकच एकत्रित गुण दिला तर नेमकं काय सुधारायचं ते कळत नाही. तुलना विद्यार्थ्याच्या मागच्या महिन्याशीच करा, शेजारी बसलेल्याशी नाही. तुमचं मत सांगण्याआधी दोन्ही रेकॉर्डिंग त्याला ऐकवा आणि फरक त्यालाच सांगू द्या. पुढच्या महिन्यासाठी त्यातली एकच गोष्ट निवडा.