खांबावर चढणारा रोबोट: आधी पकड, मग मोटर

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेजच्या रोबोकॉन (कॉलेजांमधली रोबोटची स्पर्धा) टीममध्ये गेले, तोवर कामं वाटून झाली होती. कोडिंगला चौघं, सर्किटला तिघं, बेसला, म्हणजे रोबोटच्या चाकांच्या सांगाड्याला, तर रांगच होती. उरलं होतं क्लायंबिंग. "मेकॅनिकलची ना तू? मग खांब तुझा," असं लीडर दादा म्हणाला आणि पुढचे सहा महिने मी त्या खांबाचीच होऊन गेले. आता टीममध्ये नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना मी शिकवते. चढणारं यंत्र म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "ताई, मोटर कुठली घेऊ?" तो प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा का आहे, ते सांगायला हे लिहितेय.

आमचं वर्ष २०१६ चं. एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनची अंतिम स्पर्धा बँकॉकला होती आणि आपल्याकडची राष्ट्रीय फेरी पुण्यात, बालेवाडीला. विषय होता स्वच्छ ऊर्जा. दोन रोबोट करायचे. इको रोबोटला पळायला मोटर लावायची नाही, वळण्यापुरता एक सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) तेवढा चालेल. हायब्रिड रोबोटनं त्याला न शिवता, वाऱ्याच्या झोतानं किंवा चुंबकानं चढ-उतारांवरून पवनचक्कीपर्यंत न्यायचं. मग त्याच्याकडचं पातं घेऊन हायब्रिडनं स्वतः खांबावर चढायचं आणि ते वरच्या इंजिनात बसवायचं. बसलं की "चाय-यो" (थाई भाषेत विजयाचा जयघोष), सामना तिथेच जिंकला. हातात तीन मिनिटं.

लॅबच्या कोपऱ्यात सीनियर्सचा २०१४ चा चाइल्ड रोबोट लटकवलेला होता. त्या वर्षीची एबीयूची अंतिम स्पर्धा पुण्यातच झाली होती. त्यात लहान रोबोटला सीसॉ, झोका वगैरे खेळून शेवटी जंगल जिमवर चढायचं होतं. त्याचे हात मी तासन्‌तास बघितले आणि आपणही असंच करू असं ठरवलं. पण तिथे दांड्या होत्या. दांडीत आकडा अडकला की वजन दांडीवर, मोटरनं फक्त ओढायचं. आमचा खांब गुळगुळीत, अडकवायला काहीच नाही. रोबोटचं सगळं वजन घर्षणावर तोलायचं. नियमावली हातात आली की पहिल्यांदा एवढंच बघा: अडकायला काही आहे की नाही? अमेरिकेतल्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) या शाळकरी मुलांच्या स्पर्धेत २०२२ साली एकापेक्षा एक उंच अशा चार आडव्या दांड्या होत्या, म्हणजे आकड्याचं काम. आमचं काम पकडीचं. या दोन जाती वेगळ्या आहेत आणि एकीचं डोकं दुसरीला लावलं की महिना फुकट जातो. माझा गेला.

माझं पहिलं डिझाइन असं होतं. खांबाच्या एका बाजूला मोटरचा रोलर, समोर नुसता फिरता रोलर आणि दोघांना आवळायला न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारा, सिलिंडर. रोबोट १६ किलोचा, म्हणजे साधारण १५७ न्यूटन. सिलिंडर ३२ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा). नियमानं हवेचा दाब ६ बारपर्यंत, म्हणजे जोर सुमारे ४८० न्यूटन. रबर आणि पाइपमधला घर्षणांक (दाबाच्या किती पट पकड मिळते तो आकडा) ०.५ धरला तर पकड २४० न्यूटन. वजनाच्या दीडपट! मी वहीत त्या आकड्याभोवती चौकट काढली. नोव्हेंबरात रोबोट झर्रकन वर गेला आणि लॅबमध्ये शिट्ट्या वाजल्या.

दोन आठवड्यांनी तो दीड मीटरवरून खाली आला. आपटला नाही, घसरत आला, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. रोलर वरच्या दिशेनं फिरतोय आणि रोबोट खाली येतोय. जळक्या रबराचा वास सुटला होता. खाली पोचल्यावर बघितलं तर रोलरवर चढवलेली सायकलची ट्यूब एका जागी पार झिजून चमकत होती आणि खांबावर काळा ओघळ उमटला होता. कारणं दोन होती आणि दोन्ही माझ्या चौकटीबाहेरची. त्या दिवशीचा तो पाचवा प्रयत्न. टाक्यांमधली हवा ४ बारवर आलेली, म्हणजे जोर ३२० आणि पकड कशीबशी १६०. शिवाय आदल्याच दिवशी कुणीतरी खांब नीटनेटका दिसावा म्हणून त्याला ऑइल पेंट मारला होता. माझं ०.५ त्या रंगाखाली गेलं होतं.

तेव्हापासून मी घर्षणांक पुस्तकातून घेत नाही. मोजायला अवघड काहीच नाही. रोलरला लावणार त्याच रबराचा तुकडा खांबासारख्याच पृष्ठभागावर ठेवायचा, त्यावर दोन किलोचं वजन, आणि ताणकाट्यानं आडवं ओढायचं. सरकायला लागताना काटा एक किलो दाखवत असेल तर घर्षणांक ०.५. कोऱ्या पाइपवर, रंगवलेल्यावर, धुळीच्या हातानं पुसलेल्यावर, सगळीकडे ओढून बघायचं आणि सगळ्यात कमी आकडा डिझाइनला घ्यायचा. आमच्या रंगवलेल्या खांबावर तो ०.३५ निघाला.

दुसरी कल्पना मला दिवाळीतच मिळाली होती, पण तेव्हा कळली नव्हती. आजोळी, दापोलीजवळ, नारळ काढायला आलेला गडी शिडीऐवजी लोखंडी यंत्र पायात घालून माडावर चढला. दोन चौकटी आणि माडाभोवती टाकलेला तारेचा फास. मी जवळ जाऊन बघितलं. चौकटीवर पाय देऊन तो उभा राहिला की तार माडाला करकचून बसायची, पाय उचलला की सैल व्हायची. आवळायला वेगळा जोर लागतच नव्हता, त्याचं वजनच आवळत होतं. डिसेंबरात घसरलेल्या रोबोटसमोर बसले असताना ते आठवलं.

मग सगळं उलटं मांडलं. रोबोट खांबाच्या एका बाजूला लोंबकळू द्यायचा. वरचा रोलर खांबाच्या पलीकडे, खालचा अलीकडे. रोबोट बाहेरच्या बाजूला कलायला बघतो आणि कलता कलता दोन्ही रोलर खांबावर दाबतो. हा दाब म्हणजे वजन गुणिले गुरुत्वमध्याचं खांबापासूनचं अंतर, भागिले दोन रोलरमधलं उभं अंतर. आमचा गुरुत्वमध्य २० सेंटीमीटर बाहेर होता. रोलरमध्ये १६ सेंटीमीटर ठेवले तर प्रत्येकावर १९६ न्यूटन. दोन्ही रोलरना मोटर दिली तर ०.३५ नं पकड १३७. अपुरी. अंतर १२ वर आणलं, दाब २६२ झाला, पकड १८३. आता वजनापेक्षा जास्त. यातली खुबी अशी की रोबोट दोन किलोनं जड झाला तरी पकड त्याच प्रमाणात वाढते. आणि आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात वजन वाढलं नाही असं कधी झालेलं नाही. सिलिंडरकडे फक्त जबडा मिटण्याचं काम राहिलं. मिटल्यावर खटका बसायचा, मग हवा गेली तरी चिंता नाही.

अंतर कमी केल्याची किंमतही मोजावी लागली. रोलरचा आठ मिलिमीटरचा शाफ्ट मी एकाच बाजूनं धरला होता, तो वाकला. वर्कशॉपच्या काकांनी तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "पोरी, दोन्ही खांद्यांवर घे की वजन." दोन्ही बाजूंना बेअरिंग आलं. रोलरचा आकारही काकांनीच लेथवर बदलून दिला, डमरूसारखा, मध्ये बारीक. सपाट रोलर खांबाला एकाच रेषेत टेकतो, मग रोबोट खांबाभोवती गरागरा फिरायला लागतो. डमरूच्या कुशीत खांब बसतो आणि तोंड सरळ राहतं. वर गेल्यावर पातं बसवायचंय, तिथे तोंड दोन बोटं फिरलं तरी सगळं फुकट.

आता मोटर. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात गेलात की विचारतात, आरपीएम (मिनिटाला फेरे) किती आणि केजी-सीएम (फिरवण्याचा जोर) किती. १६ किलो, रोलरची त्रिज्या अडीच सेंटीमीटर, म्हणजे ४० केजी-सीएम. तोटे धरून दुप्पट, ८०. दोन मोटरमध्ये ४०-४०. पण दुकानदार सांगतो तो बहुधा मोटर अडकून थांबतानाचा जोर असतो, चालतानाचा नव्हे, तेव्हा आपल्या ४० च्या तिप्पट आकड्याची मागा. वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर हवा असेल तर रोलरला साधारण ११५ आरपीएम. बस, एवढंच. गिअर मात्र वर्मचा (स्क्रूसारख्या आट्यांचा) बघा. वीज बंद केली की साधी गिअर मोटर उलटी फिरते आणि रोबोट खाली येतो, वर्म बहुतेक वेळा धरून ठेवतो. एफआरसीत तर वेळ संपली की रोबोटची मोटर बंदच होते आणि तरी लटकून राहावं लागतं. तिथली मुलं रॅचेट (एकाच दिशेला फिरू देणारं दातेरी चाक) लावतात ती त्याचसाठी.

सरावासाठी पूर्ण रोबोटची वाट बघू नका. आम्ही नंतर प्लायवूडच्या फळीवर रोलर-मोटर बसवून तिला वाळूची पिशवी बांधली आणि वाळू वाढवत नेली. बेसवाल्यांचं काम अर्धं असताना आमच्या फळीनं शंभरेक चढाया केल्या होत्या. खाली गादी टाका आणि खांबाखाली कुणालाही उभं राहू देऊ नका. हवेच्या टाकीला आम्ही कोल्ड्रिंकच्या बाटल्या वापरायचो. त्यांच्यावर ओरखडा दिसला की बाटली बदलायची आणि हवा भरताना चष्मा घालायचा. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

मार्चमध्ये बालेवाडीला पहिल्या सामन्यात आमचा इको रोबोट चढावरच कलंडला, खांबापर्यंत गेलोच नाही. दुसऱ्या सामन्यात तो पोचला तेव्हा तेवीस सेकंद उरली होती. इंग्रजी व्ही आकाराच्या गाइडमध्ये खांब शिरला, जबडा मिटला, खटक्याचा आवाज मला कठड्याबाहेर ऐकू आला. रोबोट वर गेला. रोलर स्पिरिटनं पुसायचे राहिले होते की काय, म्हणून मी हातातल्या फडक्याकडे बघत होते. फडकं ओलं होतं. वर त्यानं पातं पुढे केलं, ते इंजिनाच्या कडेला टेकलं, दादानं एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे केलं, आणि शिट्टी झाली. पातं बसलं नव्हतं. सगळ्यांनी मान खाली घातली. मी मात्र वर बघत होते. मोटर बंद होती, रोबोट खांबाला धरून होता, आणि त्याला उतरवायला आम्हाला खटका हातानं सोडवावा लागला.